मंगळवारचं डोकं

"डोक्यावरचा रुमाल काढा की, ताई. रुमालावरनं केस कशी कापू?"

ती पोरगी हसत होती. हातात कंगवा, अंगात गुलाबी ॲप्रन, ॲप्रनवर दोऱ्यानं नाव काढलेलं: वैजयंता. मी खुर्चीत बसले होते आणि दोन्ही हातांनी रुमालाची गाठ धरून ठेवली होती. माझ्या मागं माझा धाकटा भाऊ भैरू दाराला टेकून उभा होता. आरशात मला त्याचं तोंड दिसत होतं. तो मान हलवून खुणावत होता, काढ म्हणून.

"अक्का, काढ की आता. इथवर आलीस."

"परत जाऊया, भैरू."

"परत जायाला आलोय व्हय?"

गडहिंग्लजला स्टँडच्या मागच्या गल्लीत, बांगड्यांच्या दुकानावर तो ब्यूटी पार्लरचा क्लास होता. खाली जिन्यापाशी पाटी लावलेली: शिकाऊ मुलींकडून केस कापून मिळतील, मंगळवारी निम्मे पैसे. मंगळवारीच का, तर आमच्या भागात मंगळवारी कुणी डोक्याला कात्री लावून घेत नाही. देवीचा वार. आणि शिकाऊ पोरींची परीक्षा तोंडावर आलेली, त्यांना हात चालवायला डोकी तर पाहिजेत. म्हणून निम्मे पैसे. तिथं गिऱ्हाइकाला गिऱ्हाईक म्हणतच नव्हते, डोकं म्हणत होते. आम्ही जिना चढताना वरनं आवाज आला होता, "वैजू, मंगळवारचं डोकं आलं बघ तुझ्या नशिबानं."

त्या बिचारीला काय ठाऊक, नशिबानं काय आणलंय ते.

आता सांगूनच टाकते. माझ्या डोक्यात जट होती. डाव्या बाजूनं निघून गुडघ्यापर्यंत आलेली, मनगटाएवढी जाड, आणि टोकाला पेरूएवढं एक बोंड. सहावीत होते तेव्हा धरली, आणि त्या दिवशी मला बाविसावं चालू होतं. भैरू आठ वर्षांचा असताना त्याचा ताप मेंदूत गेला. आई-बाबा त्याला घेऊन मिरजेच्या दवाखान्यात जाऊन बसले, ते महिन्याच्या वर आलेच नाहीत. मी चुलतीकडं. भैरू बरा होऊन घरी आला त्या दिवशी लोकांचं लक्ष माझ्या डोक्याकडं गेलं. गल्लीतली कोंडामावशी यल्लूआईची जोगतीण. तिनं माझे केस बघितले आणि तिथंच हात जोडले. "आईनं पोराला सोडलं आन पोरीला धरलं," म्हणाली. "हिला कात्री लावशीला तर पोरगं परत मागंल ती."

झालं. दहा वर्षं मी ती जट वागवली. दर मंगळवारी, शुक्रवारी दिवेलागणीला आई मला पाटावर बसवायची आणि त्या बोंडाला हळद-कुंकू लावायची. गल्लीतल्या बायका पाया पडून जायच्या. पोरवयात बरं वाटायचं की, खोटं कशाला बोलू. सगळ्यांच्या पाया पडायचं ते वय, आणि माझ्याच पाया पडतायत. पण पुढं मान दुखायला लागली. कुशीवर निजता येईना. न्हायलं की दोन-दोन दिवस वाळायची नाही, वास यायचा. स्थळं तर आलीच नाहीत. आणि त्या वर्षी कोंडामावशीनं आईच्या डोक्यात भरवलं की येत्या मार्गशीर्षातल्या पुनवेला हिला देवीच्या डोंगरावर नेऊ आणि गळ्यात मोती बांधू. मोती बांधले की ती बाई देवीची. तिला मग नवरा नाही, घर नाही, परडी घेऊन दारोदार.

बाबा आता राहिले नव्हते, आणि आई त्याला तयार झाली होती. मीही. आपला एकुलता भाऊ एका बाजूला आणि आपले केस एका बाजूला, मग दुसरं काय करणार? भैरू मात्र त्या दिवसापासून फुरफुरत होता. नुकताच पेंडीच्या दुकानाच्या टेम्पोवर लागला होता. आईला त्यानं सांगितलं, अक्काची मान डॉक्टरला दाखवतो, आणि मला टेम्पोत घालून आणलं. डॉक्टरनं मानेला हात लावून सांगितलं, ओझं उतरवा, औषध कशाला. तिथनं भैरू मला एका न्हाव्याकडं घेऊन गेला. त्या म्हाताऱ्यानं दोन्ही कान पकडले. मग एका पार्लरात. तिथल्या बाईनं नाकाला पदर लावला. ती पाटी दिसली तेव्हा भैरू म्हणाला, "ह्यांना डोकी पायजेत. ह्या न्हाई म्हणायच्या न्हाईत."

मी रुमाल सोडला.

जट खुर्चीच्या पाठीवरनं खाली घरंगळली आणि बोंड फरशीवर टेकलं. वैजयंताचं हसू गेलं. ती एक पाऊल मागं सरली, कंगवा टेबलावर ठेवला आणि काय केलं असेल? हात जोडले. मागच्या दोन पोरींनी तिचं बघून जोडले. मला रडूच आलं. म्हटलं, इथंही तेच.

"मॅडम," एकीनं आत हाक मारली. "मॅडम, लवकर या."

बिर्जे मॅडम बाहेर आल्या. बुटक्या, अंगानं भरलेल्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी आधी जट बघितली, मग मला, मग भैरूला.

"कुणाचा विचार हा?"

"माझा," भैरू म्हणाला.

"घरात ठाऊक आहे?"

"आईला न्हाई."

"मग माझ्याच्यानं होणार नाही. उद्या तुमच्याकडं कुणाला ठेच लागली तरी गाव म्हणणार, बिर्जे बाईच्या क्लासात कापली. ह्या पोरींची लग्नं व्हायचीत. ह्यांना कोण करून घेईल मग?"

"मॅडम, जट माझ्या जिवावर हाय," भैरू म्हणाला. "कापली तर मी मरणार, दुसरं कोण न्हवं. मग माझी हरकत न्हाई, तर तुमची का?"

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तुझी हरकत नाही ते झालं. डोकं हिचं आहे. हिला विचारलंस?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. जट ठेवू का, असंही नाही आणि कापू का, असंही नाही. मी भैरूची बाही धरली.

"तू कुठं जाऊ नगंस," एवढंच म्हणाले.

"अगं पोती टाकून यायचीत नदीपल्याड. मालकाचा टेम्पो हाय, माझ्या बापाचा न्हाई. पाचाच्या आत येतो."

"आज नको जाऊस. कापायच्या दिवशी तरी नको."

"बघा," मॅडम पोरींना म्हणाल्या. "हिचं मन तयार नाही. हिला घरी घेऊन जा बाबा."

भैरूनं माझा हात बाहीवरनं सोडवला. रागानं नाही. "अक्का, डोंगरावर तुला सोडून मी घरला यायचं, आन रोज जेवायचं? माझ्यानं हुणार न्हाई ते," म्हणाला आणि जिना उतरून गेला. खाली टेम्पो चालू झाल्याचा आवाज आला, लांब गेला. तो विरेपर्यंत मी कान लावून बसले होते.

मी उठायला लागले. तेव्हा ती वैजयंता पुढं आली. इतका वेळ ती भिंतीला चिकटून होती. तोंड पांढरं पडलेलं, पण आली.

"ताई, एक विचारू? कापायचं न्हाई म्हणून सांगितलंय. सोडवायचं न्हाई, असं कुणी सांगितलंय का?"

मी विचार केला. "नाही. तसं कोण बोललं नाही."

"मग मी कात्री लावत न्हाई. नुसता गुंता सोडवते. जेवढा सुटंल तेवढा. तुम्ही बास म्हणला की बास."

"वैजू, दहा वर्षांचं आहे ते," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, तुम्हीच पहिल्या दिवशी शिकवलासा. गुंता टोकाकडनं सोडवायचा, मुळाकडनं कंगवा घालायचा न्हाई. मी टोकाकडनं सुरू करते. आजच्या दिवसात मला दुसरं डोकं मिळायचंही न्हाई."

मॅडम आत गेल्या आणि खोबरेल तेलाची बाटली, पातेलंभर कोमट पाणी आणि जुना टॉवेल घेऊन आल्या. तीच त्यांची परवानगी.

वैजयंतानं माझ्या गळ्याभोवती प्लास्टिकचं कापड बांधलं. खाली फरशीवर फतकल मारून बसली, मांडीवर टॉवेल घेतला, त्यावर ते बोंड ठेवलं. दहा वर्षांत आईशिवाय त्याला कुणी हात लावला नव्हता. मी डोळे मिटून घेतले आणि मनात म्हणाले, आई गं यल्लम्मा, ही नुसती सोडवतीय, कापत नाही, तू बघतीयस. माझं ध्यान सगळं बाहेर रस्त्याकडं. टेम्पोचा हॉर्न वाजला की मी तिकडं मान वळवायची. ॲम्ब्युलन्स नाही आली, पण तिच्यासारखा वाजणारा एक रिक्षाचा हॉर्न होता, त्यानं मी दोनदा खुर्चीतनं अर्धी उठले.

"हलू नका ताई," ती खालनं म्हणायची. "दुखतंय का?"

"नाही."

"दुखलं तर सांगा. आम्हाला आमच्या मॅडमनी सांगितलंय, डोकं बोललं पायजे."

मला हसू आलं. त्या तसल्या वेळीही आलं. ती तेल जिरवायची, बोटांनी दाबायची, कंगव्याच्या दांडीच्या टोकानं एकेक पदर उकरायची. बाकीच्या दोघी आधी लांब होत्या, मग एकीनं स्टूल ओढलं, मग दुसरी पाणी बदलायला लागली. तेवढ्यात ती पाणी बदलणारी किंचाळली.

"रक्त! मॅडम, रक्त येतंय!"

मी डोळे उघडले. वैजयंताचे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल. पातेल्यातलं पाणी लाल, टॉवेल लाल. ती तशीच हात धरून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असणार. मला वाटलं, संपलं, भैरू गेला, तिकडं तो गेला आणि इकडं हे रक्त आलं.

मॅडम खाली वाकल्या. बोट पाण्यात बुडवलं आणि नाकाजवळ नेलं.

"कुंकू आहे," त्या म्हणाल्या. "दहा वर्षांचं कुंकू आहे गाढवींनो. तेलानं सुटलंय. पाणी बदला."

त्यांचाही आवाज कापत होता, पण त्यांनी तो तसाच दामटला. पाणी बदललं. परत लाल झालं, परत बदललं. मग हळदीचं पिवळं यायला लागलं. मग काळपट. मग नुसतं पाणी.

"ताई, आत काहीतरी आहे," वैजयंता म्हणाली.

"काय आहे?"

"कापडासारखं लागतंय. ओढू नको ना?"

"ओढ."

तिनं ओढलं नाही. उकरत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं ते टॉवेलानं पुसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. रिबीन होती. शाळेतल्या पोरी वेण्या वर बांधायला वापरतात ती लाल रिबीन. रंग पार उडालेला, कडेला मात्र लाल. एका टोकाला हातशिलाईची टीप घातलेली, निळ्या दोऱ्यानं.

मी ती टीप बघितली आणि मला ती सकाळ जशीच्या तशी आठवली. दहा वर्षांत एकदाही आठवली नव्हती. उजाडायचं होतं. दारात जीप उभी. भैरूला वाकळेत गुंडाळून बाबांनी मागं ठेवलेलं, त्याची मान एका बाजूला पडलेली. आणि आई, चुलीच्या उजेडात, माझ्या वेण्या घालत होती. त्या घाईत. बाबा बाहेरनं ओरडत होते, अगं चल. ती म्हणाली, "शाळा बुडवू नगंस. काकी सांगंल ते ऐक. वेणी सोडू नगंस, मी आल्यावर विंचरते." पोरगी होते मी. आईनं सोडू नको म्हणून सांगितलंय. उजवी वेणी झोपेत आपोआप सुटली तेव्हा मी रडले होते. डावीला मी कुणाला हात लावू दिला नाही. चुलती कंगवा घेऊन आली की मी पळत सुटायची. आईनं बांधलीय, आई आली की सोडंल. चुलतीलाही चार पोरं, ती किती मागं लागणार? आणि आई आली तेव्हा तिच्या मांडीवर भैरू होता. माझ्या केसांकडं बघायच्या आधी कोंडामावशीनं हात जोडले.

देवी नव्हती ती. बाकीच्या कुणाच्या डोक्यात देवी येत असेल तर येवो, मला काय कळतंय. माझ्या डोक्यात माझ्या आईची वेणी होती.

"ताई, रडू नका," वैजयंता म्हणाली. "राहू दे का?"

"काप," मी म्हणाले.

"काय?"

"कात्री आण आणि काप. मी सांगतीय. डोकं बोलतंय."

तिनं मॅडमकडं बघितलं. मॅडमनी स्वतःची कात्री काढून तिच्या हातात दिली. साधी नव्हती ती, कापडाची मोठी होती. केसांच्या कात्रीनं भागणारं नव्हतंच. मानेजवळ तिनं धरलं, डोळे मिटले, "मिटू नकोस की येडे," मॅडम ओरडल्या, आणि करकर आवाज येत राहिला. मग माझं डोकं पुढं आदळल्यासारखं झालं. मानेला दहा वर्षं मागं ओढायची सवय, एकदम सुटल्यावर ती पुढंच गेली. मी टेबलाला धरलं. जट फरशीवर पडली होती. कुणी तिच्याकडं बघेना.

तेवढ्यात खालची बांगडीवाली जिन्यावरनं धापा टाकत वर आली. चहाची किटली घेऊन आली होती बिचारी, रोजच्यासारखी.

"बातमी कळली का मॅडम? नदीच्या पुलावर टेम्पो पालथा झालाय. सगळी पोती रस्त्यावर. ड्रायव्हर पोरगंच हाय म्हणं कोवळं."

मला पुढचं ऐकू आलं नाही. मी खुर्चीतनं उठले, जिना उतरले, चप्पल वरच राहिली. गळ्यात ते प्लास्टिकचं कापड तसंच, डावीकडं डोकं कातरलेलं, उजवीकडं केस मोकळे, तोंडावर तेल. स्टँडवरनं मी पळत निघाले. लोक बाजूला होत होते. मागनं वैजयंता ओरडत येत होती, "ताई, थांबा, ताई." मी थांबले नाही. मी पळता पळता देवीला शिव्या देत होते आणि त्याच तोंडानं हातापाया पडत होते. म्हणत होते, वाढवते परत, उद्यापासून वाढवते, मोती बांध, काय पाहिजे ते बांध, त्याला देऊन टाक.

पुलावर गर्दी. दोन्ही बाजूंनी गाड्या खोळंबलेल्या. टेम्पो आडवा पडला होता, चाकं वर. निळा होता का हिरवा, मला बघायचं धाडस होईना. मी गर्दीत घुसले. खाली पेंड सांडलेली, आणि पेंडीत लाल काही आहे का, हे मी बघत होते.

"ओ मावशी, बाजूला व्हा, पोतं आणतोय," मागनं कुणीतरी म्हणालं.

मी वळले. भैरू होता. पाठीवर पोतं, अंगभर पेंडीचा भुसा. त्याचा टेम्पो मागं रांगेत उभा होता, ह्या पालथ्या झालेल्या पोराची पोती उचलायला तो उतरला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तरी ओळखलं नाही. दहा वर्षं त्यानं मला जटेशिवाय बघितलंच नव्हतं. मग त्याच्या पाठीवरनं पोतं घसरून खाली पडलं.

"अक्का?"

मी त्याच्या एक मुस्काटात दिली. भर पुलावर. मग त्याचं डोकं चाचपलं, खांदे चाचपले, हात बघितले. तो हसत होता आणि रडत होता. वैजयंता तिथं येऊन पोचली, तिला धाप लागली होती.

"ताई," ती म्हणाली, "अर्धंच झालंय डोकं. अशी कशी सोडू तुम्हाला? मॅडम मला परीक्षेला बसू देणार न्हाईत."

ज्याचा टेम्पो पालथा झाला होता तो पोरगा पुलाच्या कठड्यावर बसला होता, कपाळाला फडकं लावून. चहा पीत होता. कुणाचं तरी लेकरू होतं तेही, आणि त्याच्या बहिणीनं काही जट कापून घेतली नव्हती.

परत क्लासात गेलो. वैजयंतानं उरलेले केस मानेच्या बरोबरीनं कापले, दोनदा मोजून, जीभ दाताखाली धरून. भैरू स्टुलावर बसून बघत होता. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, निम्मी जट न्हाई, सगळी काढली. पैसे निम्मे की सगळे?"

"मंगळवार आहे," मॅडम म्हणाल्या. "निम्मेच. नियम म्हणजे नियम."

ते ऐकून आम्ही सगळेच हसलो, मला वाटतं जरा जास्तच. मग टेम्पोत बसलो आणि गावाकडं निघालो. भैरू सावकाश चालवत होता. रोज दामटणारा पोरगा, प्रत्येक वळणावर हॉर्न देत होता. त्यालाही भीती होतीच. मला त्यानं कधी सांगितली नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवा लागला होता. मंगळवार. आईनं पाट मांडला होता, पाटाशेजारी हळद-कुंकवाचं ताट. ती चुलीकडनं वळली आणि तिची नजर आधी भैरूवर गेली, नेहमी आधी त्याच्यावरच जायची. मग माझ्यावर. मी रुमाल बांधला नव्हता.

ती भैरूकडं गेली, त्याला दोन्ही हातांनी धरलं आणि वरपासून खालपर्यंत चाचपलं, मी पुलावर केलं होतं अगदी तसं. मग मागं न बघताच म्हणाली, "कुणी कापली?"

"मी कापायला लावली," मी म्हणाले.

"पोरगं मारायला निघालीस माझं? दहा वर्षं सांभाळलं त्येचं हे केलंस?" तिचा हात उचलला गेला. भैरू मधे यायला लागला, मी त्याला बाजूला केलं. मारू दे म्हटलं. मी ओढणीच्या टोकाला बांधलेली रिबीन सोडली आणि तिच्यापुढं धरली.

"बोंडात ही होती, आई."

तिनं दिव्याजवळ नेली. उलटी केली, सुलटी केली. बोटानं ती निळी टीप चाचपली. एकदा, मग परत. एकच रिबीन आणली होती तिनं त्या वर्षी, दोन वेण्यांना दोन तुकडे केले होते आणि सुटू नये म्हणून हाताशी होता त्या दोऱ्यानं टीप घातली होती. तिचाच हात होता तो. मला काही सांगायची गरज पडली नाही. ती मटकन पाटावर बसली, माझ्यासाठी मांडलेल्या.

भैरू दारात उभा राहून खाली बघत होता.

"आल्यावर विंचरते म्हणलं हुतं मी," आई म्हणाली.

मी मान हलवली.

"तू वाट बघितलीस."

"व्हय."

"आन मी आल्यावर कुंकू लावत बसले."

तिनं ताट उचललं आणि कोनाड्यात ठेवलं. परत आली तेव्हा तिच्या हातात लाकडी फणी होती. पाटावर बसली, पाय पसरले आणि पुढची जागा हातानं थोपटली. मी तिच्या पुढ्यात बसले. मानेला तिची बोटं लागली. जिथं जटेच्या ओझ्यानं कातडं सोललेलं होतं तिथं ती थांबली, मग त्याच्या बाजूनं फणी फिरवायला लागली.

"वेणी येत न्हाई गं एवढ्यात," ती म्हणाली.

"राहू दे, आई."

पण ती विंचरत राहिली. गुंता कुठंच नव्हता, तरी ती टोकाकडनं सुरू करून वर वर येत होती.